दृष्टिहीनांसाठी संचालन प्रणालीची सुगम स्थापना

दृष्टिहीनांसाठी संचालन प्रणालीची सुगम स्थापना म्हणजे डोळस व्यक्तीची मदत न घेता दृष्टिहीन व्यक्तीला संगणकावर संचालन प्रणाली स्वतः बसवता यावी, यासाठी केलेली तांत्रिक व्यवस्था होय. या प्रक्रियेस व्यवहारात इन्स्टॉलेशन असे म्हटले जाते. पडद्यावरील मजकूर कृत्रिम आवाजात वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आणि तोच मजकूर बोटांना स्पर्शाने जाणवून देणारा ब्रेल फलक ही दृष्टिहीन वापरकर्त्यांची दोन मुख्य साधने आहेत. ही साधने सामान्यतः संचालन प्रणाली सुरू झाल्यानंतर काम करू लागतात. प्रणाली बसवण्याच्या वेळी मात्र संगणकावर काहीच नसते. त्यामुळे संगणक वापरण्यात निष्णात असलेली दृष्टिहीन व्यक्तीही याच टप्प्यावर दीर्घकाळ दुसऱ्यावर अवलंबून राहिली. ही अडचण दूर करण्यासाठी वाणी व ब्रेलची सोय इन्स्टॉलरमध्येच अंतर्भूत करण्याचा मार्ग अवलंबण्यात आला. लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्ही प्रणालींमध्ये ही सोय वेगवेगळ्या काळात आली.

पार्श्वभूमी

संचालन प्रणाली हा संगणकाचे यंत्रभाग आणि वापरकर्त्याच्या आज्ञावली यांना जोडणारा मूलभूत दुवा आहे. नवा संगणक घेतल्यावर, साठवण चकती बिघडल्यावर, विषाणूमुळे संगणक निकामी झाल्यावर किंवा जुन्या संगणकावर नवी प्रणाली हवी असल्यास ती नव्याने बसवावी लागते. डोळस वापरकर्त्यासाठी हे तास-दोन तासांचे काम असते. दृष्टिहीन वापरकर्त्याचा संगणक मात्र बंद पडल्यापासून कोणी मदतीस येईपर्यंत निरुपयोगी होतो.

या परावलंबित्वाचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते मर्यादित नसतात. स्थापनेच्या वेळी वापरकर्त्याचे नाव, परवलीचा शब्द, वाय-फायची सांकेतिक खूण आणि चकती कूटबद्ध करण्याचे वाक्य ठरवावे लागते. हे काम दुसऱ्याने केले की ही सर्व गुप्त माहिती त्याला कळते. चकतीवरील कोणता भाग पुसायचा आणि कोणता राखायचा, हा निर्णयही प्रत्यक्षात मदतनीसाच्या हाती जातो. शिवाय संगणक दुरुस्ती, जाळे व्यवस्थापन आणि सर्व्हरची देखभाल या व्यवसायांत प्रणाली बसवणे हे रोजचे काम असते. ते स्वतः करता येत नसेल, तर त्या व्यवसायाचे दार दृष्टिहीन उमेदवाराला बंद राहते.

स्थापनेतील अडथळे

स्थापनेच्या प्रक्रियेचे साधारणपणे पाच टप्पे पडतात. प्रत्येक टप्प्यावरील अडथळा वेगळ्या स्वरूपाचा असतो.

पहिला टप्पा: स्थापना माध्यम तयार करणे. उतरवून घेतलेली प्रतिमा-संचिका पेनड्राइव्हवर लिहिली जाते. हे काम दुसऱ्या, चालू स्थितीतील संगणकावर स्क्रीन रीडरच्या साहाय्याने करता येते. मात्र वापरलेली आज्ञावली स्क्रीन रीडरला वाचता येण्याजोगी असावी लागते.

दुसरा टप्पा: माध्यमावरून संगणक सुरू करणे. यासाठी बायोस किंवा युईएफआय या मूलभूत आज्ञासंचात शिरून पेनड्राइव्हला प्राधान्य द्यावे लागते. हा आज्ञासंच संचालन प्रणालीच्याही आधी चालतो आणि बहुतेक संगणकांत तो पूर्णतः मुका असतो.

तिसरा टप्पा: इन्स्टॉलरची सुरुवात. येथे ध्वनियंत्रणा ओळखली गेली नाही, तर वाणीची सोय असूनही आवाज येत नाही.

चौथा टप्पा: निवडी. भाषा, कळफलक, वेळक्षेत्र, जाळे आणि चकतीची विभागणी यांविषयीचे प्रश्न येतात. यांपैकी चकतीची विभागणी सर्वांत जोखमीची असते. चकतीचे नाव, आकारमान आणि तिच्यावरील मजकुराची माहिती नीट ऐकू आली नाही, तर एका चुकीच्या कळीने सर्व संचिका नष्ट होऊ शकतात. केवळ रंगीत पट्ट्यांनी दाखवलेली विभागणी स्क्रीन रीडरला वाचता येत नाही.

पाचवा टप्पा: पहिला प्रारंभ. स्थापना बोलत्या पद्धतीने पार पडली, तरी नवी प्रणाली मुकी सुरू झाल्यास वापरकर्ता पुन्हा मूळ स्थितीत येतो. म्हणून इन्स्टॉलरमधील वाणीची व ब्रेलची मांडणी बसवलेल्या प्रणालीतही आपोआप उतरणे आवश्यक असते.

इतिहास

पुण्याचा वारसा: टी. व्ही. रामन आणि ईमॅकस्पीक

या विषयाच्या इतिहासात पुण्याशी संबंध असलेले एक महत्त्वाचे नाव येते. संगणकशास्त्रज्ञ टी. व्ही. रामन यांचे बालपण पुण्यात गेले. काचबिंदूमुळे वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुण्याच्या नौरोसजी वाडिया महाविद्यालयातून गणिताची पदवी घेतल्यानंतर त्यांनी मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिक्षण घेतले आणि पुढे अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठातून १९९४ मध्ये विद्यावाचस्पती ही पदवी मिळवली. गणिती व तांत्रिक मजकूर आवाजातून समजेल अशा रीतीने सादर करणारी ‘ॲस्टर’ ही प्रणाली त्यांच्या प्रबंधाचा विषय होती. त्यानंतर त्यांनी ॲडोबी, आयबीएम आणि गूगल या कंपन्यांमध्ये काम केले.

रामन यांनी १९९५ मध्ये ईमॅकस्पीक ही मुक्त आज्ञावली प्रकाशित केली. ती ईमॅक्स या मजकूर-संपादकाला वाणी देते. सामान्य स्क्रीन रीडर पडद्यावर जे उमटले ते वाचतो. ईमॅकस्पीकमध्ये मात्र आज्ञावलीला त्या मजकुराचा अर्थ ठाऊक असतो आणि ती त्यानुसार बोलते. उदाहरणार्थ, दिनदर्शिकेतील आकड्यांची रांग वाचण्याऐवजी वार, तारीख आणि महिना सांगितला जातो. वाणी ही नंतर चिकटवलेली जोड नसून आज्ञावलीचाच भाग असावी, हा विचार पुढे इन्स्टॉलरच्या बाबतीतही महत्त्वाचा ठरला. ईमॅकस्पीक वापरण्यासाठी आधी चालू संचालन प्रणाली लागत असल्याने स्थापनेचा प्रश्न मात्र तिच्याने सुटत नव्हता.

लिनक्स

लिनक्सवर ब्रेलची सोय बीआरएलटीटीवाय या आज्ञावलीने १९९५ पासून उपलब्ध झाली. वाणीसाठी कर्क रायझर आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेला स्पीकअप हा स्क्रीन रीडर लिनक्सच्या गाभ्यातच चालतो. त्यामुळे संगणक सुरू होताना अगदी आरंभीच्या संदेशांपासून तो बोलू शकतो. सुरुवातीच्या काळात त्यासाठी संगणकाला बाहेरून जोडायचे स्वतंत्र वाणीयंत्र लागत असे. ही यंत्रे महाग होती. स्पीकअप दीर्घकाळ मुख्य गाभ्याबाहेर सांभाळला गेला, २०१० मध्ये तो गाभ्याच्या प्रायोगिक विभागात घेतला गेला आणि २०२० मधील ५.९ या आवृत्तीत त्याला मुख्य भागात स्थान मिळाले.

दृष्टिहीनांसाठी स्वतंत्र लिनक्स वितरणेही तयार झाली. पेनड्राइव्ह किंवा चकतीवरून थेट चालणाऱ्या क्नॉपिक्स या वितरणाचे कर्ते क्लाउस क्नॉपर यांनी आपल्या दृष्टिबाधित पत्नीच्या नावाने ‘एड्रियान’ हे बोलते कार्यपटल त्यात समाविष्ट केले. उबुंटूवर आधारित विनक्स आणि आर्चवर आधारित टॉकिंग आर्च ही वितरणे सुरू होताच बोलू लागत. केरळमधील विकसकांनी तयार केलेले ॲक्सेसिबल कोकोनट हे याच परंपरेतील भारतीय वितरण आहे.

स्वतंत्र वितरणांची एक मर्यादा होती. ती मोजक्या स्वयंसेवकांवर अवलंबून असत आणि त्यांचे काम थांबले की वापरकर्त्यांना सुरक्षा-सुधारणा मिळणे बंद होई. म्हणून सुगम्यता मूळ वितरणातच असावी, हा आग्रह हळूहळू बळावला. आर्च लिनक्सच्या अधिकृत स्थापना माध्यमात वाणीचा पर्याय आल्यावर टॉकिंग आर्चची गरज उरली नाही. उबुंटूसारख्या आलेखी वितरणांत ऑर्का हा स्क्रीन रीडर आधीपासून असतो आणि ऑल्ट, सुपर व एस या तीन कळा एकत्र दाबून तो सुरू करता येतो.

मॅक

ॲपल कंपनीने एप्रिल २००५ मध्ये मॅक ओएस टेन १०.४ या आवृत्तीत व्हॉइसओव्हर हा स्क्रीन रीडर प्रणालीचा अंगभूत भाग म्हणून दिला. यंत्रभाग आणि प्रणाली एकाच कंपनीची असल्याने ध्वनियंत्रणा ओळखली न जाण्याचा प्रश्न येथे फारसा येत नाही. कमांड आणि एफ५ या कळा दाबून प्रथम मांडणीत तसेच पुनर्प्राप्ती विभागातही व्हॉइसओव्हर सुरू करता येतो. नव्या संगणकाच्या प्रथम मांडणीत वापरकर्त्याने काही वेळ कोणतीच कृती केली नाही, तर व्हॉइसओव्हर कसा सुरू करावा याची सूचना संगणक स्वतःहून बोलून देतो.

विंडोज

विंडोजवर जॉज हा व्यावसायिक स्क्रीन रीडर १९९५ पासून उपलब्ध आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातील मायकेल करन यांनी एनव्हीडीए या विनामूल्य व मुक्त स्क्रीन रीडरचे काम सुरू केले. मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून नॅरेटर हा स्वतःचा स्क्रीन रीडर दिला. मात्र स्थापना माध्यमावरील अल्पशा विंडोज वातावरणात ध्वनीची सोय नसल्याने यांपैकी कोणताही तेथे चालत नसे. या काळात जाणकार वापरकर्ते उत्तर-संचिकेचा आधार घेत. स्थापनेतील सर्व प्रश्नांची उत्तरे आधीच एका संचिकेत लिहून ती माध्यमावर ठेवली की प्रश्न न विचारता स्थापना पूर्ण होते. या पद्धतीत आंधळेपणाने विश्वास ठेवावा लागे. संचिकेत चूक झाल्यास स्थापना कोठे अडली हे कळण्यास मार्ग नसे.

२०१७ मधील विंडोज १० च्या क्रिएटर्स अपडेटपासून स्थापना व पुनर्प्राप्ती वातावरणात नॅरेटर उपलब्ध झाला. कंट्रोल, विंडोज आणि एंटर या कळा एकत्र दाबल्या की तो बोलू लागतो. त्यामुळे जगात सर्वाधिक वापरली जाणारी मेज-संगणक प्रणाली दृष्टिहीन व्यक्तीला स्वतः बसवणे शक्य झाले.

डेबियन इन्स्टॉलरची कार्यपद्धती

डेबियन हे स्वयंसेवकांनी चालवलेले लिनक्स वितरण आहे आणि उबुंटूसह अनेक वितरणे त्यावर आधारलेली आहेत. त्याच्या इन्स्टॉलरमधील सुगम्यतेच्या कामात फ्रान्समधील सॅम्युएल तिबो आणि स्वतः दृष्टिहीन असलेले ऑस्ट्रियातील विकसक मारिओ लांग यांचा मोठा वाटा आहे. ब्रेल फलकाची सोय आधीपासून होती. मे २०१३ मध्ये प्रकाशित झालेल्या डेबियन ७ या आवृत्तीत बाहेरील यंत्राशिवाय, केवळ आज्ञावलीने निर्माण केलेल्या वाणीच्या साहाय्याने स्थापना करता येऊ लागली. ब्रेल फलक महाग असतो आणि अनेकांना, विशेषतः उतारवयात दृष्टी गेलेल्यांना, ब्रेल येत नाही. त्यांच्यासाठी हा बदल निर्णायक होता.

या इन्स्टॉलरची कार्यपद्धती सुगम स्थापनेचे उदाहरण म्हणून पुढीलप्रमाणे सांगता येते.

१. प्रारंभसूची तयार होताच संगणक बीप असा नाद करतो. पडदा न दिसणाऱ्या व्यक्तीला आता कळ दाबण्याची वेळ आली, हे त्यावरून कळते.

२. एस ही कळ दाबल्यास बोलती स्थापना सुरू होते. कोणतीच कळ दाबली नाही, तर सूची ठरावीक सेकंद वाट पाहते आणि वाणी आपोआप सुरू होते. डोळस व्यक्ती पडद्यावरील सूचना वाचून पुढे जाते, तर काहीच न दिसणाऱ्या व्यक्तीला केवळ थांबून राहिल्यानेही मदत मिळते.

३. संगणकाला एकाहून अधिक ध्वनिपत्रे जोडलेली असल्यास इन्स्टॉलर प्रत्येकावर आळीपाळीने बोलतो. ज्यातून आवाज ऐकू येईल, त्या वेळी एंटर दाबायचे असते. आवाज कोणत्या ध्वनिपत्रातून यावा, हा प्रश्नही अशा रीतीने ऐकूनच सोडवला जातो.

४. यूएसबीने जोडलेला ब्रेल फलक सामान्यतः आपोआप ओळखला जातो.

५. बोलत्या स्थापनेसाठी आलेखी रूपाऐवजी मजकुरी रूप निवडले जाते. प्रत्येक प्रश्न ओळीने वाचला जातो, पर्यायांना क्रमांक दिलेले असतात आणि उत्तर क्रमांक टाइप करून द्यायचे असते.

६. स्थापनेत वाणी किंवा ब्रेल वापरलेले असल्यास तीच सोय बसवलेल्या प्रणालीतही आपोआप बसवली जाते.

ध्वनी आणि फर्मवेअर यांचा संबंध येथे विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. अनेक नव्या लॅपटॉपच्या ध्वनियंत्रणेला सुरू होण्यासाठी निर्मात्याने दिलेले फर्मवेअर लागते. डेबियनचे धोरण केवळ मुक्त सॉफ्टवेअर देण्याचे असल्याने असे अमुक्त फर्मवेअर अधिकृत माध्यमावर नसे. परिणामी अशा लॅपटॉपवर बोलता इन्स्टॉलरही मुका राहत असे, आणि वाणीच नसल्याने फर्मवेअर कसे मिळवावे ही सूचनाही वाचता येत नसे. २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदानाने धोरण बदलले आणि जून २०२३ मधील डेबियन १२ पासून असे फर्मवेअर अधिकृत माध्यमातच समाविष्ट झाले. तत्त्वनिष्ठा आणि सुगम्यता यांच्यात ताण निर्माण झाल्याचे हे एक ठळक उदाहरण मानले जाते.

सुगम इन्स्टॉलरची तत्त्वे

आजवरच्या अनुभवातून सुगम इन्स्टॉलरसाठी काही तत्त्वे स्पष्ट झाली आहेत.

वाणी निवडीच्या आधी असावी. भाषा किंवा सुगम्यता यांची निवड करण्यासाठीच पडदा पाहावा लागत असेल, तर पुढील सर्व सोय निरर्थक ठरते.

प्रत्येक क्रिया कळफलकाने करता यावी. माउसचा बाण पडद्यावर कोठे आहे हे न दिसणाऱ्या व्यक्तीला माउस उपयोगी पडत नाही.

अर्थ केवळ रंगाने किंवा चित्राने सांगू नये. प्रत्येक बटणाला व चिन्हाला वाचता येईल असे नाव असावे.

चालू कामाची माहिती मिळत राहावी. स्थापना किती टक्के झाली हे पडद्यावरील पट्टीतून दिसते. वाणीने ते अधूनमधून सांगितले नाही, तर संगणक काम करत आहे की अडकला आहे, हे समजत नाही.

विध्वंसक कृतीपूर्वी पूर्ण माहिती द्यावी. चकती पुसण्यापूर्वी तिचे नाव, आकारमान आणि पुसले जाणारे विभाग शब्दांत सांगून पुन्हा संमती घ्यावी.

चाचणी दृष्टिहीन वापरकर्त्यांकडून करून घ्यावी. इन्स्टॉलर नव्याने लिहिला जातो, तेव्हा जुन्यात असलेली सुगम्यता नव्यात हरवण्याचा धोका असतो. ती प्रकाशनाआधी तपासली गेली नाही, तर काल स्वतः प्रणाली बसवणारी व्यक्ती आज पुन्हा परावलंबी होते.

उरलेले अडथळे

बायोस व युईएफआय हे या साखळीतील सर्वांत दुर्बळ दुवे आहेत. प्रारंभाचा क्रम बदलणे, सुरक्षित प्रारंभाची मांडणी पाहणे किंवा बिघाडाचा संदेश वाचणे ही कामे बहुतेक संगणकांत अजूनही पाहूनच करावी लागतात. इन्स्टॉलर बोलू लागला, तरी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मुकीच आहे.

चकती पूर्णतः कूटबद्ध केली असल्यास तिचे वाक्य संगणक सुरू होताना, बहुधा वाणी सुरू होण्याच्या आधी, विचारले जाते. वापरकर्त्याला योग्य क्षण अंदाजाने ओळखावा लागतो. सुरक्षितता हवी की स्वावलंबन, अशी निवड करण्याची वेळ यामुळे येऊ शकते.

प्रथम मांडणीच्या वेळी इंटरनेट खाते उघडण्याची सक्ती असेल आणि त्यात माणूस असल्याची खात्री पटवणारे चित्रकोडे असेल, तर ध्वनिरूप पर्यायाशिवाय तेथेही अडथळा निर्माण होतो.

प्रचलित पर्यायी उपाय

अंगभूत सोय नसेल तेथे दृष्टिहीन वापरकर्ते पुढील उपाय वापरतात.

स्मार्टफोनच्या कॅमेऱ्याने पडद्याचे छायाचित्र घेऊन त्यातील अक्षरे ओळखणारी व वाचून दाखवणारी ॲप उपलब्ध आहेत. डेन्मार्कमध्ये सुरू होऊन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘बी माय आइज’ या सेवेद्वारे दूरस्थ स्वयंसेवकाला फोनवरून पडदा दाखवता येतो. या पद्धतीत मदतनीस दूर असला, तरी परवलीचा शब्द त्याच्या दृष्टीस पडण्याचा प्रश्न उरतोच.

प्रणाली आधी आभासी यंत्रात बसवून पाहण्याने प्रश्नांचा क्रम ध्यानात येतो. एनव्हीडीएमधील अक्षर-ओळख सुविधेने आभासी यंत्राच्या खिडकीतील चित्ररूप मजकूरही वाचता येतो.

सर्व्हर आणि काही संगणकांवर सिरियल तारेने किंवा जाळ्यावरून मजकुरी नियंत्रण मिळते. अशा वेळी दुसऱ्या संगणकावरील स्क्रीन रीडर वापरून संपूर्ण स्थापना करता येते. ही पद्धत दृष्टिहीन प्रणाली-व्यवस्थापकांना विशेष उपयोगी आहे.

महाराष्ट्रातील स्थिती

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात सुमारे ५० लाख ३२ हजार आणि महाराष्ट्रात सुमारे ५ लाख ७४ हजार दृष्टिबाधित व्यक्ती होत्या. राष्ट्रीय अंध संघ अर्थात नॅब या संस्थेची स्थापना १९५२ मध्ये मुंबईत झाली आणि दृष्टिहीनांच्या शिक्षण व रोजगारात तिचे कार्य मोठे आहे. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात २००३ मध्ये दृष्टिबाधितांसाठीचे साधन केंद्र सुरू झाले. या केंद्राने सुगम्य तंत्रज्ञान, शिक्षण आणि बँकसेवा या क्षेत्रांत काम केले आहे.

अशा संस्था प्रामुख्याने मोठ्या शहरांत एकवटलेल्या आहेत. मुंबई आणि पुणे यांच्या मधोमध असलेल्या मावळ तालुक्यासारख्या प्रदेशात, लोणावळा व तळेगाव दाभाडे ही गावे वगळता, वस्ती खेड्यापाड्यांत विखुरलेली आहे. अशा ठिकाणी संगणक बंद पडल्यास स्क्रीन रीडरची माहिती असलेला तंत्रज्ञ जवळपास मिळेलच असे नाही. डोळस तंत्रज्ञाने बसवलेली प्रणाली वापरकर्त्याच्या हाती येते तेव्हा तिच्यात स्क्रीन रीडर सुरू नसतो किंवा मराठी वाणी बसवलेली नसते, अशीही शक्यता असते. केंद्रापासून अंतर जितके अधिक, तितके स्वतः करता येणाऱ्या स्थापनेचे महत्त्व वाढते. याच तालुक्यात खंडाळा येथे नॅबशी निगडित असे वृद्ध दृष्टिहीनांचे निवासगृह आहे. उतारवयात दृष्टी गमावलेल्या व्यक्तींना ब्रेल नव्याने शिकणे कठीण जाते, त्यामुळे त्यांच्या दृष्टीने वाणी हाच सुगम्यतेचा मुख्य मार्ग ठरतो.

मराठी भाषेचा प्रश्न

मराठी वापरकर्त्यासाठी सुगम स्थापनेचे दोन भाग आहेत: इन्स्टॉलरमधील मजकूर मराठीत असणे आणि तो मराठीत बोलला जाणे.

पहिल्या भागात लक्षणीय काम झाले आहे. मुंबईत सुरू झालेल्या इंडलिनक्स या उपक्रमाने आणि पुढे पुण्यातील अनुवादकांनी मुक्त सॉफ्टवेअर मराठीत आणण्यास हातभार लावला. लिनक्सवर सर्रास वापरले जाणारे लोहित हे टंक मूळ पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडवले आणि २००४ मध्ये ते मुक्त परवान्याखाली उपलब्ध झाले. पुण्यातील प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेची स्थापना १९८८ मध्ये झाली. भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणात तिचा वाटा मोठा आहे.

दुसऱ्या भागासाठी लागणारी वाणीही उपलब्ध आहे. जोनाथन डडिंग्टन यांनी विकसित केलेल्या ईस्पीक या अत्यंत लहान आकाराच्या वाणीनिर्मितीच्या आज्ञावलीचे पुढील रूप, ईस्पीक एनजी, मराठी बोलू शकते. एनव्हीडीए आणि डेबियनचा इन्स्टॉलर दोन्ही याच कुळातील वाणी वापरतात. तिचा उच्चार यांत्रिक असला, तरी ती अल्प स्मृतीत चालते आणि वेगाने बोलते. स्थापना माध्यमावर जागा मोजकी असल्याने हा गुण महत्त्वाचा ठरतो.

अडचण या दोन भागांच्या सांध्यावर आहे. बोलती स्थापना मजकुरी रूपात चालते आणि लिनक्सच्या मजकुरी पडद्यावर देवनागरीतील जोडाक्षरे व मात्रा नीट उमटत नाहीत. त्यामुळे डेबियनमध्ये मराठीसह भारतीय भाषा आलेखी रूपातच दिल्या जातात. परिणामी मराठीतील अनुवाद आणि मराठी बोलणारी वाणी दोन्ही असूनही बोलत्या स्थापनेत मराठी निवडण्यास मर्यादा पडते आणि वापरकर्त्याला बहुधा इंग्रजीचा आधार घ्यावा लागतो. ज्या व्यक्तीला पडदा पाहायचाच नाही, तिची भाषा पडद्यावर नीट दिसत नाही म्हणून वगळली जाते, हा या रचनेतील अंतर्विरोध आहे.

कायदा व मानके

भारताने २००७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कराराला अनुसमर्थन दिले. त्यास अनुसरून दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ संमत झाला आणि १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला. या अधिनियमाच्या कलम ४२ मध्ये माहिती व संपर्क तंत्रज्ञान दिव्यांगांना वापरता येईल अशा उपाययोजनांची, तर कलम ४३ मध्ये सार्वत्रिक रचनेनुसार बनवलेल्या उपभोग्य वस्तूंना उत्तेजन देण्याची तरतूद आहे. भारतीय मानक ब्यूरोने माहिती व संपर्क तंत्रज्ञानाच्या उत्पादनांसाठी व सेवांसाठी आयएस १७८०२ हे सुगम्यता मानक दोन भागांत प्रकाशित केले. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिलेल्या एका निर्णयात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे मानले.

सुगम्यतेची चर्चा बहुधा संकेतस्थळे व ॲप यांच्याभोवती फिरते. तथापि संकेतस्थळ कितीही सुगम असले, तरी त्यापर्यंत नेणारी संचालन प्रणाली वापरकर्त्याला स्वतः बसवता किंवा दुरुस्त करता येत नसेल, तर ती सुगम्यता दुसऱ्याच्या सोयीवर अवलंबून राहते. या कारणाने स्थापना हा सुगम्यतेच्या साखळीतील पहिला दुवा मानला जातो.

हे सुद्धा पहा

स्क्रीन रीडर
ब्रेल लिपी
संचालन प्रणाली
लिनक्स
डेबियन
टी. व्ही. रामन
राष्ट्रीय अंध संघ
दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६